तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही

पाइन पिट, मिनेसोटा
८ नोव्हेंबर

ती. आर्डिसताईस,
डेलमरचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. चांगली बातमी आली होती आणि ती वाईट कधी होते याची वाट बघत होतो. काल झाली, म्हणून आज लिहायला बसलो.

सोमवारी सरकारचं पत्र आलं की महागाई फार वाढली आहे, म्हाताऱ्या माणसांचे हाल आम्हाला बघवत नाहीत, सबब जानेवारीपासून तुमची पेन्शन छप्पन डॉलरने वाढवली आहे. मी पत्र फ्रिजवर लावलं. बुधवारी त्याच सरकारचं दुसरं पत्र आलं की सरकारी आरोग्यविम्याचा हप्ता अठरा डॉलरने वाढला आहे, तुम्हाला भरायला यायचा त्रास नको म्हणून आम्हीच तो पेन्शनमधून कापून घेऊ. काळजी घेणारी माणसं आहेत. काल पुरवणी विम्याच्या कंपनीचं आलं. त्यांना अतिशय दुःख होत होतं. सदतीस डॉलरचं दुःख. म्हणजे महागाईवर मात करायला माझ्या हातात एक डॉलर उरला. तिन्ही पत्रं फ्रिजवर शेजारी शेजारी लावली आहेत, आता दूध काढायला गेलो की आधी हसू येतं आणि मग दूध नको वाटतं.

प्रश्न आपल्या वाढीच्या जेवणाचा आहे. हॅरल्डभावजींनी घालून दिलेला नियम मोडायचा नाही, जानेवारीत जी वाढ हातात पडेल तेवढीच बेमिजीच्या कॅफेत बसून खायची, खिशातला एक सेंट वर घालायचा नाही. पहिल्या वर्षी आपण चौघं भाजलेलं बीफ आणि वर गोडाला ॲपल पाय खाऊन उठलो होतो, आणि माझी रोझाना पोट धरून हसत होती. मग सँडविचवर आलो, मग सूपवर. गेल्या वर्षी एक पाय आणि दोन काटे. त्यातला शेवटचा घास तू मला घे म्हणालीस, मी तुला घे म्हणालो, आणि शेवटी तो वेट्रेस घेऊन गेली. यंदा माझ्या डॉलरमध्ये कॉफीसुद्धा बसत नाही. तुझे किती उरतात ते कळव. दोघांचे मिळून कप झाला तर ठीक, नाहीतर कॅफेच्या काचेतून आत बघू आणि घरी येऊ. पण भेटू नक्की. वर्षातून एकदा तरी तुझी बोलणी समोरासमोर बसून खाल्ल्याशिवाय मला वर्ष संपल्यासारखं वाटत नाही.

बाकी क्षेम. गुडघा कुरकुरतो. रोझाना गेल्यापासून खालची खोली रिकामीच आहे, तिच्यात यंदाचे कांदे पसरले आहेत. घरात मी आणि कांदे.

लोभाचा हप्ता अजून कुणी वाढवलेला नाही, तेव्हा तो चालू ठेवावा.

तुझा,
डेलमर

०

हेग्रे, मिनेसोटा
१३ नोव्हेंबर

चि. डेलमर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझा एक डॉलर उरला हे वाचून बरं वाटलं, जपून ठेव. माझं पुरवणी विम्याचं वय तुझ्यापेक्षा मोठं, त्यामुळे माझा हप्ता वाढीला खाऊन पुढे गेला. पेन्शन वाढली आणि पूर्वीपेक्षा कमी झाली. हे मी शाळेच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं केलं असतं, पोरांना दोन चमचे वाढून तीन काढून घेतले असते, तर मला कामावर ठेवलं नसतं.

अक्षर मोठं आहे याबद्दल चौकशी करू नकोस. चर्चमध्ये भांड्यांवर नावं घालायचा जाड काळा पेन घेतला आहे, तो बरा दिसतो. तो विमा सोडून दे असं तू म्हणशील, म्हणून आधीच सांगते. दर सहा आठवड्यांनी डोळ्यात सुई घेते, त्यातला मोठा भाग सरकार देतं आणि उरलेला हा पुरवणी विमा. तो नसला तर माझ्या वाट्याला येणारा पैसा मला झेपणारा नाही. आणि सुई चुकली की मधोमध धुकं येतं. माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. तेव्हा तो विमा हवाच.

आता झालेला प्रकार ऐक. मंगळवारी कंपनीतून फोन आला. टॅनर नावाचा मुलगा, आवाज दक्षिणेकडचा, गोड. म्हणाला की तुम्ही आमच्या जुन्या सभासद, यंदाची वाढ तुम्हाला जड जाईल, तर जुन्या लोकांना गेल्या वर्षीच्याच हप्त्यात ठेवायची सवलत आहे, तुमचं नाव घालू का. मी अर्थातच म्हटलं, अहो नको, माझ्यासाठी कशाला उगाच त्रास, कुणा गरजूला द्या. तो म्हणाला, नक्की नको ना? मी म्हटलं, नको हो, माझं भागतंय. मग मी चष्मा लावला, कागद पुढे ओढला, खुर्ची फोनजवळ घेतली आणि एवढं म्हणताय तर घाला बापडे, असं म्हणायच्या तयारीने बसले. तर त्याने माझे आभार मानले, दिवस चांगला जावो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मला वाटलं लाइन तुटली. अर्धा तास तिथेच बसून राहिले, परत करेल म्हणून. स्टोव्हवर सूप करपलं. शेवटी मर्डेल आली शेजारून, तिला सांगितलं, तर ती म्हणाली की तिलाही फोन आला होता आणि तिच्याशीही तो असाच वागला. दोनदा विचारून माणूस गप्प बसतो म्हणजे काय, डेलमर? त्याच्या घरात वळण म्हणून काही लावलं की नाही कुणी? त्याच्या आईला फार कष्ट पडले असतील असं धरून मी त्याला क्षमा केली आहे, पण सवलत गेली ती गेली.

जेवणाचं बघू. माझ्याकडून उणे सहा डॉलर धर.

थंडी पडली आहे, कानटोपी घालत जा. माया आहे तशीच आहे, तिला दोनदा विचारावं लागत नाही.

तुझी,
ताई

०

पाइन पिट
१८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी डोकं धरलं आणि मग फोन. टॅनर काही मिळाला नाही. एक बाई मिळाल्या, चांगल्या होत्या. त्यांना सांगितलं की माझ्या बहिणीने सवलत नाकारली ती तिला हवी होती म्हणून. बाईंनी विचारलं की हवी होती तर नको का म्हणाल्या. मी म्हटलं, कारण विचारलं म्हणून. मग त्यांनी मला वरच्या साहेबांकडे जोडलं. साहेबांनी विचारलं की समजा तुमच्या बहिणीला सवलत खरोखर नको असती तर त्या काय म्हणाल्या असत्या. मी म्हटलं, नको म्हणाली असती. मग फरक कसा ओळखायचा? मी म्हटलं, साहेब, तिसऱ्यांदा विचारायचं, म्हणजे कळतं. आमच्याकडे पहिलं नको हे शिष्टाचाराचं, दुसरं समोरच्याचा खिसा बघून आणि तिसऱ्यांदा जे येतं ते खरं उत्तर. मला टायपिंगचा आवाज आला. काय लिहिलंत म्हणून विचारलं तर म्हणाले, भाऊ गोंधळलेले आहेत, असं लिहिलं.

पण खरी मेख पुढेच आहे. तिसऱ्यांदा विचारायला त्यांना बंदी आहे. म्हाताऱ्या माणसांना फोन करकरून छळू नये म्हणून कंपनीने नियमच केला आहे, दोनदा नको म्हटलं की नाव बंद, परत त्या माणसाला विचारायचं नाही. तुझं रक्षण केलंय त्यांनी, ताई. तुझ्या हितापासून.

साहेब म्हणाले की बाईंनी सात डिसेंबरच्या आत स्वतः फोन करून मागितली तर देता येईल. मी त्यांना सांगितलं की ही बाई स्वतःच्या धुराड्याला आग लागली होती तेव्हा अग्निशामक दलाला सवडीने या म्हणाली होती. मागणार ती? एकच दुसरी वाट आहे म्हणे. राहता पत्ता बदलला तर खातं नव्याने उघडतं आणि मग त्यांना पहिल्यापासून विचारता येतं. म्हणजे नियम असा की म्हाताऱ्या माणसाला फोनवर तिसरा प्रश्न विचारणं हा छळ, आणि तिने घरदार हलवणं ही सोय.

तरी तू एकदा फोन करून बघ. नुसतं हॅलो म्हण, हवी आहे म्हण आणि ठेव. तोंड धुऊन टाक नंतर.

आणि सुई कधी आहे या महिन्यात? गेल्या पत्रात तारीख नव्हती, आणि अक्षर मोठं आहे याबद्दल मी चौकशी करणार. सात पानं आली. आमच्या पोस्टमनने विचारलं की बहिणीने भिंतीचा कागद पाठवलाय का.

लोभ करावा. नको म्हणणार नाही, पहिल्याच वेळेला घेईन.

तुझा,
डेलमर

०

हेग्रे
२४ नोव्हेंबर

चि. डेलमर यास,
अनेक आशीर्वाद.

मी फोन केला. टॅनर नव्हता. एक मुलगी होती, तिने विचारलं, काय मदत करू. मी म्हटलं, काही नको, सहज केला. तिला बिचारीला पडसं झालं होतं. आल्याचा चहा घे म्हणून सांगितलं आणि ठेवला.

इथे मोठा घोळ झाला आहे. गेल्याच्या गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला बसलो तेव्हा कळलं की फोन सगळ्यांनाच आला होता आणि सगळ्यांनीच दोनदा नको म्हटलं. अख्ख्या जिल्ह्यात एकानेही सवलत घेतली नाही. सगळेजण आपापल्या घरी खुर्ची ओढून तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसले होते. पास्टरबाई तरुण आहेत, बाहेरच्या आहेत. त्या म्हणाल्या की यात काय अवघड आहे, पहिल्याच वेळेला हो म्हणायची तालीम करू या. लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन एकेकासमोर उभ्या राहिल्या. ताट पूर्ण फिरून भरलेलंच परत आलं. फक्त म्हाताऱ्या ऑस्कर लिएनने हिय्या केला, डोळे मिटले आणि हो म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. वडी हातात घेऊन तो बसला, त्याला ती खाताही येईना आणि ठेवताही येईना. त्याची बायको त्याच्याशी अजून नीट बोलत नाही.

तेवढ्यात कंपनीचं पत्र. त्यांच्या हिशोबात असं दिसलं की सवलत नाकारणारा असा दुसरा जिल्हा देशात नाही, म्हणून आम्हाला सर्वांत समाधानी जिल्हा ठरवलं. पुढच्या वर्षी इथला हप्ता थोडा आणखी वाढवला तरी चालेल, असाही त्यांचा अंदाज आहे. शनिवारी त्यांचा माणूस फलक आणि भलामोठा केक घेऊन आला. कान चांगले होते त्याचे, मोठे आणि प्रामाणिक. चेहऱ्याचं सांगता येत नाही.

त्याने भाषण केलं आणि केक घ्या म्हणाला. आम्ही म्हटलं, नको, कशाला. खरंच घ्या म्हणाला. आम्ही म्हटलं, नको, आत्ताच जेवलोय. त्याने केक झाकला आणि गाडीत नेऊन ठेवला. वर साखरेची गुलाबं होती म्हणे. मर्डेल खिडकीतून गाडीकडे बघत राहिली, मला तिचा श्वास ऐकू येत होता. फलक मात्र त्याने घ्या, अहो घ्याच, घ्यावाच लागेल असं तीनदा म्हटलं, त्यामुळे तो घ्यावा लागला. आता तो कॉफीच्या भांड्यावर टांगला आहे.

पत्ता बदलायची गोष्ट मी तळघरात सांगितली. सगळ्यांना पटली. आमच्या गल्लीने आपसात घरं बदलायची असं ठरत होतं, मी मर्डेलच्या घरात, मर्डेल लिएनांच्या घरात, असं. पण प्रत्येकाने दुसऱ्याला माझं घर घ्या म्हटलं आणि प्रत्येकजण नको, तुमची गैरसोय कशाला, म्हणाला. दोन फेऱ्या झाल्या. तिसरी सुरू व्हायच्या आत कॉफी संपली आणि सगळे उठले.

टॅनरला आता मी फारसं बोलत नाही. दोनदाच विचारून गप्प बसणारी माणसं नुसती कंपनीतच असतात असं नाही. घरातसुद्धा असतात.

सुईची काळजी नको. डॉक्टर हरणांच्या शिकारीला गेले आहेत, आले की घेईन. या खेपेला ओळी थोड्या तिरक्या गेल्या असतील. पानं किती झाली मोजली नाहीत, जास्त तिकिटं लावून टाकली.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला रोझानाच्या भाचीकडे जा, एकटा बसू नकोस. माझं इथे छान चाललं आहे.

आशीर्वाद नेहमीचेच, त्यांना सात तारखेची मुदत नाही.

ताई

०

पाइन पिट
२८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हरणांचा हंगाम रविवारी संपला. आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या अंगणात एकेक हरण टांगलेलं आहे आणि सगळे शिकारी कधीच घरी येऊन पाय शेकत बसले आहेत. तुझे डॉक्टर अजून कुणाच्या मागे धावतायत? मी त्यांच्या दवाखान्यात फोन केला. ते यंदा शिकारीला गेलेच नव्हते. बाईंनी दोन भेटी रद्द केल्या, असं तिथली मुलगी म्हणाली, आणि फार गोड बोलून रद्द केल्या, गाडीने आणायचा कुणाला त्रास नको म्हणाल्या.

आणि कान. केकवाल्याचे कान चांगले होते, चेहऱ्याचं सांगता येत नाही. ताई, तू काय समजतेस, मी पत्रं नुसती तोलून बघतो? या खेपेला एकोणीस पानं आली. शेवटच्या पानावर एकटं ताई आहे, आणि तेही अर्धं पाकिटाच्या आतल्या बाजूला गेलंय.

काल भाचीकडे जेवलो. तुला ठाऊक आहे, रोझानाच्या माणसांत विचारायची पद्धतच नाही. ताटात घालतात आणि वरून ओरडतात की खात का नाहीस. पन्नास वर्षं त्यांच्यात राहून माझीही विचारायची सवय गेली. टर्कीवर टर्की चढत होती आणि मी तुझ्या त्या वाक्यावर अडकलो होतो, घरातसुद्धा असतात म्हणून. भाचीने विचारलं, काका काय झालं, मीठ कमी आहे का. मी म्हटलं, नाही, मला कुणीतरी फार सभ्य शब्दांत थोबाडीत मारली आहे आणि ती आत्ता लागली.

हॅरल्डभावजींना पोचवून आलो त्या दिवशी तळघरात मी तुला विचारलं होतं, माझ्याकडे येऊन राहतेस का. तू म्हणालीस, माझं काय, माझं भागतंय. डोळ्याचं निघालं तेव्हा परत विचारलं. तू म्हणालीस, तुझी गैरसोय कशाला. मी मान डोलावली आणि गाडी काढली. म्हणजे टॅनर आणि मी एकाच घरातले निघालो. त्याला दक्षिणेकडचा म्हणून सोडता येईल. मी तर तुझ्याच आईच्या हातचा.

तर आता ऐक. ताई, माझ्याकडे येऊन राहा. तिसऱ्यांदा विचारतोय. दोनदा मी तुझ्यासाठी विचारलं होतं, या वेळी माझ्यासाठी विचारतोय. इथे संध्याकाळी कुणाची बोलणी बसत नाहीत आणि मला घरात फार शांत वाटतं.

मी मंगळवारी दोन तारखेला पहाटे निघतो, दुपारी तुझ्या दारात. पत्ता बदलला की सात तारखेच्या आत कंपनीला कळवू, ते खातं नव्याने उघडतील आणि नव्याने विचारतील. पहिल्यांदा तू हौसेने नको म्हण, मी आड येणार नाही. दुसऱ्यांदा रिसीव्हर माझ्या हातात असेल. आमच्या जिल्ह्यात सगळे ओरडून हो म्हणतात, टॅनरला जरा बरं वाटेल. सुईची तारीख मी इथल्या दवाखान्यात घेऊन ठेवली आहे. तू आधी घे, पैशाचं नंतर भांडू. परतताना बेमिजीला थांबू. हॅरल्डभावजींचा नियम या एका वर्षापुरता मोडतो, त्यांना वर गेल्यावर मी समजावीन. पाय दोन मागवू. म्हणजे शेवटचे घास दोन होतील आणि वेट्रेसला काही मिळणार नाही.

खालच्या खोलीतले कांदे हलवले आहेत. खिडकी पुसली. वास थोडा राहील.

उत्तर लगेच टाक. लोभ वगैरे मी आता लिहीत नाही, तो गाडीत घालून आण.

तुझा,
डेलमर

०

हेग्रे
१ डिसेंबर

(पान पहिलं)
चि. डेलमर,

(पान दुसरं)
एवढं म्हणतोयस

(पान तिसरं)
तर येते.

(पान चौथं)
हे पोस्टाने वेळेत

(पान पाचवं)
पोचणार नाही, म्हणून

(पान सहावं)
दारालाच लावते आहे. वाच

(पान सातवं)
आणि आत ये. पिशवी

(पान आठवं)
दाराशी आहे. हॅरल्ड

(पान नववं)
गेला त्या आठवड्यातच

(पान दहावं)
भरून ठेवली होती.

(पान अकरावं)
ताई